दिवाणखान्यातील हिमउतार

स्नोबोर्डिंग हा सर्वस्वी पायांचा आणि तोलाचा खेळ आहे. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, हातात काठी नाही, आणि वळायचे ते केवळ शरीराचा भार चवड्यांवरून टाचांवर व टाचांवरून चवड्यांवर नेऊन. व्हिडिओ गेम हा मात्र पूर्वापार अंगठ्यांचा खेळ. या दोहोंची सांगड घालण्याचे, म्हणजे टीव्हीसमोर उभे राहून अंगाच्या हालचालींनी पडद्यावरील स्नोबोर्ड चालविण्याचे प्रयत्न गेली चार दशके होत आले आहेत. त्यांतील काही चांगलेच यशस्वी ठरले, काही साफ फसले. या यशापयशाचे कारण चित्रांच्या सफाईत किंवा वेष्टनावरील नामवंत खेळाडूच्या छायाचित्रात शोधून सापडत नाही. खेळाडूच्या शरीराने केलेली कृती आणि यंत्राने प्रत्यक्षात मोजलेली गोष्ट यांत अंतर किती, यावरच सारे अवलंबून असते.

मूळ खेळ तसा अर्वाचीन. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शेर्मन पॉपेन याने १९६५ च्या नाताळात दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे बनविले. ‘स्नर्फर’ या नावाने ते पुढे बाजारात आले. जेक बर्टन कार्पेंटर याने १९७७ मध्ये व्हर्मॉन्ट राज्यात अशा फळ्या बनविण्याचा व्यवसाय थाटला आणि १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगला प्रथमच स्थान मिळाले. त्याच सुमारास हा खेळ पडद्यावरही लोकप्रिय झाला होता. प्लेस्टेशनवरील ‘कूल बोर्डर्स’ (१९९६), निन्टेन्डो ६४ वरील ‘टेन एटी स्नोबोर्डिंग’ (१९९८) आणि प्लेस्टेशन २ वरील ‘एसएसएक्स’ (२०००) ही त्यातील ठळक नावे. हे तिन्ही खेळ सोफ्यावर बसून, कंट्रोलरवर अंगठा फिरवीत खेळावयाचे होते, आणि तसे खेळताना ते उत्तमच वाटत. पायांना मात्र त्यात काही काम नव्हते.

पहिल्या फळ्या

पायांना काम देण्याचा विचार त्याहून जुना आहे. अमिगा कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अटारी २६०० या यंत्रासाठी ‘जॉयबोर्ड’ नावाची प्लास्टिकची फळी काढली. तिच्यावर उभे राहून ‘मोगल मॅनिॲक’ हा स्कीचा खेळ खेळावयाचा होता. फळीच्या पोटात चार दिशांना चार स्विच होते. खेळाडू उजवीकडे झुकला की उजवा स्विच दाबला जाई, डावीकडे झुकला की डावा. खेळाडू किती झुकला, हे मात्र त्या फळीला कळत नसे. तिच्या लेखी ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच अवस्था होत्या. बर्फावरचे वळण तर सारे ‘किती’ या प्रश्नातच सामावलेले असते. फळी विस्मृतीत गेली, पण तिची एक खूण संगणकाच्या इतिहासात राहिली. याच कंपनीतील अभियंते कंटाळा आला की त्या फळीवर पद्मासन घालून, एकही स्विच दाबला जाऊ न देता निश्चल बसण्याची पैज लावीत, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी घडविलेला अमिगा संगणक बंद पडला की पडद्यावर ‘गुरू मेडिटेशन’ अशी अक्षरे उमटत, ती या पैजेची आठवण म्हणून.

जपानमधील नामको कंपनीने १९९६ मध्ये ‘अल्पाइन सर्फर’ हा व्हिडिओ गेम पार्लरमधील खेळ काढला. त्यात खेळाडू खरोखरच्या हलत्या फळीवर उभा राहत असे. फळी कलण्याचे प्रमाण यंत्राला समजत असल्याने ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले होते. पण हे यंत्र कपाटाएवढे आणि त्याच वजनाचे. ते घरी नेण्याची सोय नव्हती.

हातात रिमोट, कल्पनेत फळी

निन्टेन्डोचे ‘वी’ हे यंत्र नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि घरातील हालचालींच्या खेळांचे पर्व सुरू झाले. या यंत्राच्या दहा कोटींहून अधिक प्रती पुढे विकल्या गेल्या. त्याचा कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा दिसे. त्याच्या पोटात तीन दिशांचे त्वरण मोजणारी एक सूक्ष्म चकती आणि टोकाला अवरक्त किरण टिपणारा छोटा कॅमेरा होता. टीव्हीवर ठेवावयाच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण ती काहीही ओळखत नसे. तिच्या दोन टोकांना अवरक्त दिवे होते, एवढेच, आणि त्यांच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी रिमोटचे काम भागत असे.

या त्वरणमापकाचे गुण-दोष समजून घेतल्यावाचून पुढील प्रकरण समजणार नाही. रिमोट स्थिर धरला असता त्वरणमापकाला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवते. खालची दिशा त्याला ठाऊक असल्याने रिमोट किती अंशांनी कलला आहे, हे तो अचूक सांगू शकतो. रिमोट झटक्याने हलविला की मात्र गुरुत्वाकर्षण आणि हाताने दिलेला झटका यांची बेरीज त्याच्यापुढे येते, आणि त्या बेरजेतील कोणता भाग कशाचा हे एकट्या त्वरणमापकाला ओळखता येत नाही. शिवाय रिमोट जमिनीला समांतर ठेवून डावी-उजवीकडे फिरविला तर गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याच्या दृष्टीने बदलतच नाही, त्यामुळे तसे फिरविणे त्याला कळत नाही. थोडक्यात, ‘वी’चा रिमोट सावकाश कलंडण्यात हुशार होता आणि जोरकस फिरण्यात अडाणी. स्नोबोर्डिंगमध्ये तर वळण म्हणजे कलणे आणि हवेतील कसरत म्हणजे गिरकी. एका खेळाचे हे दोन भाग यंत्राच्या बलस्थानावर आणि उणिवेवर अगदी नेमके येऊन पडले.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा ‘एसएसएक्स ब्लर’ हा खेळ फेब्रुवारी २००७ मध्ये याच यंत्रासाठी निघाला. त्यात डाव्या हातातील ‘नंचक’ हा जोडकंट्रोलर कलवून दिशा द्यावयाची आणि उजव्या हातातील रिमोट झटकून गिरक्या, कोलांट्या घ्यावयाच्या, अशी योजना होती. वळणाचा भाग सवयीने अंगवळणी पडे. खरी अडचण येई ती ‘उबर’ नावाच्या सर्वोच्च कसरतींमध्ये. त्यांच्यासाठी स्नोबोर्डपटू हवेत असतानाच खेळाडूने रिमोटने हवेत विशिष्ट आकृती रेखाटावयाची असे. खेळाडूच्या मते त्याने आकृती बरोबर काढलेली असे, यंत्राला ती भलतीच वाटे, आणि कसरत हुके. समीक्षकांनी याच गोष्टीवर सर्वाधिक बोट ठेवले. त्यात त्रासदायक होते ते वेगळेच. अंगठ्याच्या खेळात चुकल्यास आपण काय चुकलो हे खेळाडूला कळते. येथे चूक आपली की यंत्राची, हेच समजेनासे झाले. ज्या खेळात पराभवाचे कारण समजत नाही, त्यात सरावाने सुधारणाही होत नाही.

जून २००९ मध्ये ‘मोशनप्लस’ हे जोडयंत्र आले. त्यात जायरोस्कोप होता, त्यामुळे रिमोटचे फिरणेही मोजता येऊ लागले. जायरोस्कोपची चूक थोडी थोडी साठत जाते म्हणून त्याला अधूनमधून ताळ्यावर आणावे लागते, पण गिरकीची उणीव मोठ्या प्रमाणात भरून निघाली. अर्थात तोवर लोकांचे लक्ष हातांकडून पायांकडे वळले होते.

बॅलन्स बोर्ड

निन्टेन्डोचे ख्यातनाम रचनाकार शिगेरू मियामोतो यांना रोज वजन करून नोंद ठेवण्याची सवय होती. कुटुंबाने मिळून वजन करावे आणि त्याचाच खेळ व्हावा, या कल्पनेतून ‘वी फिट’ आणि त्यासोबतचा बॅलन्स बोर्ड जन्माला आला. जपानमध्ये तो १ डिसेंबर २००७ रोजी विक्रीस आला. सुमो मल्लाचे वजन एका काट्यावर मावत नाही म्हणून त्याला प्रत्येक पायाखाली एक असे दोन काटे लागतात, या गोष्टीवरून दोन्ही पायांचा भार वेगवेगळा मोजण्याची युक्ती सुचल्याचे सांगितले जाते. जगभरात असे तीन कोटींहून अधिक बोर्ड खपले.

दिसायला ही फळी म्हणजे स्नानगृहातील वजनकाटाच. सुमारे ५१ सेंटिमीटर लांब, ३२ सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर उंच. चार कोपऱ्यांतील चार पायांत एकेक भारसंवेदक बसविलेला असतो. फळी स्वतः कलत नाही, हलतही नाही. खेळाडूचा भार चार कोपऱ्यांवर कसा विभागला आहे, एवढेच ती सतत कळवीत राहते. उजव्या बाजूच्या दोन कोपऱ्यांवरील भारातून डाव्या बाजूचा भार वजा करावा आणि एकूण वजनाने भागावे, की भार कोणत्या बाजूला किती सरकला आहे याचा आकडा मिळतो. पुढच्या-मागच्या बाजूंसाठीही तेच गणित. या दोन आकड्यांनी फळीवरचा जो बिंदू ठरतो त्याला दाबकेंद्र म्हणतात. लोकलच्या दारात आधाराशिवाय उभा राहणारा मुंबईकर नकळत जे सांभाळत असतो, ते हेच दाबकेंद्र.

‘वी फिट’मधील तोलाच्या खेळांत ‘स्नोबोर्ड स्लॅलम’ हा एक छोटा खेळ होता. त्यासाठी बोर्ड उभा वळवून ठेवावयाचा, म्हणजे त्याची लांब बाजू टीव्हीच्या दिशेने येईल, आणि त्यावर टीव्हीकडे खांदा करून उभे राहावयाचे. चवड्यांवर भार दिला की पडद्यावरील फळी एका बाजूला वळे, टाचांवर दिला की दुसऱ्या. झेंड्यांच्या मधून वाट काढीत खाली उतरावयाचे, झेंडा चुकला की दंड म्हणून सेकंद वाढत. सारा खेळ एक-दोन मिनिटांचा, चित्रे साधीसुधी. तरीही ‘एसएसएक्स ब्लर’सारख्या दिमाखदार खेळाला जे साधले नाही ते यात साधले. चवड्यावर भार देणे ही खऱ्या स्नोबोर्डिंगमधील कृती आहे आणि बोर्डही नेमके तेच मोजतो. खेळाडूची कृती आणि यंत्राची नोंद यांच्यामध्ये अंदाजाला जागा उरत नाही.

याच धर्तीवर पण मोठ्या प्रमाणात रचलेला खेळ म्हणजे युबिसॉफ्ट कंपनीचा ‘शॉन व्हाइट स्नोबोर्डिंग : रोड ट्रिप’. तो नोव्हेंबर २००८ मध्ये आला. शॉन व्हाइट हा अमेरिकी खेळाडू २००६ च्या तुरीन ऑलिम्पिकमध्ये हाफपाइप प्रकारातील सुवर्णपदक जिंकून घरोघरी पोचला होता (पुढे २०१० आणि २०१८ मध्येही त्याने सुवर्णपदक मिळविले). याच नावाचा खेळ इतर यंत्रांवर कंट्रोलरने खेळण्यासाठीही निघाला होता, आणि त्याची चित्रे कितीतरी सरस होती. समीक्षकांनी मात्र ‘वी’वरील आवृत्तीला अधिक गुण दिले. तीत केवळ रिमोट कलवूनही खेळता येई, पण खरी गंमत बॅलन्स बोर्डवर होती. २००९ मध्ये ‘वर्ल्ड स्टेज’ हा पुढचा भाग आला, त्यात मोशनप्लसचाही उपयोग केलेला होता.

या खेळांतील उडी हा प्रकार विशेष सांगण्याजोगा आहे. बोर्डवर खरोखर उडी मारावयाची नसते. तशी उडी बोर्डला आणि घोट्याला, दोघांनाही घातक. त्याऐवजी गुडघे वाकवून खाली बसावयाचे आणि चटकन ताठ व्हावयाचे. माणूस खाली जाऊ लागतो त्या क्षणी काटा त्याचे वजन कमी दाखवितो आणि वर उसळताना जास्त. घरच्या काट्यावर उभे राहून कोणालाही हे पाहता येईल. बोर्ड हा चढउतार ओळखतो आणि पडद्यावरील खेळाडूला उडवितो. जमीन न सोडता उडी मारण्याची ही युक्ती फार चांगली जमली, कारण बर्फावरही उडी मारण्याआधी शरीर हेच करीत असते.

झुकणे आणि वाकणे

तरीही बोर्डवर प्रथमच चढलेला माणूस हमखास वैतागतो. ‘मी एवढा झुकतो आहे, तरी हे वळत का नाही?’ ही तक्रार ठरलेली. तिचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

खऱ्या उतारावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा स्नोबोर्डपटू १० मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल, तर वळणामुळे त्याच्यावर येणारे बल जवळजवळ त्याच्या वजनाएवढे असते. तोल राखण्यासाठी त्याला आतल्या बाजूस सुमारे ४५ अंश झुकावेच लागते, आणि तो पडत नाही. वेगच त्याला सावरून धरतो. सायकलस्वार वळणावर कलतो, त्यातलाच हा प्रकार. दिवाणखान्यात वेग शून्य आहे. येथे ४५ अंश झुकणारा माणूस थेट टीपॉयवर जाईल. माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर असतो आणि तळपायाच्या मध्यापासून चवड्यापर्यंतचे अंतर जेमतेम १२ सेंटिमीटर. म्हणजे पाय न उचलता ताठ शरीराने झुकण्याची मर्यादा सहा-सात अंशांपलीकडे जात नाही. टाचेच्या बाजूला भीतीही जास्त वाटते, त्यामुळे तिकडे प्रत्यक्षात याहूनही कमी. खेळ रचणाऱ्यांना हे सहा अंश पडद्यावर ४५ अंश करून दाखवावे लागतात, आणि खेळाडूच्या डोळ्यांना जे दिसते ते त्याच्या घोट्यांना जाणवत नाही. या खेळांची ही मूळचीच मर्यादा आहे. कोणताही संवेदक ती दूर करू शकत नाही.

मग वैतागलेला माणूस काय करतो, तर कमरेत वाकतो. डोके आणि खांदे पुढे जातात, पण तोल राखण्यासाठी कंबर तेवढीच मागे जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तो खूप झुकलेला दिसतो, त्यालाही तसेच वाटते. तळपायाखालचे दाबकेंद्र मात्र होते तिथेच राहते, म्हणून बोर्डच्या लेखी काहीच घडलेले नसते. बोर्ड चुकत नाही. बर्फावरची फळीही अशा वाकण्याने वळत नाही, आणि स्नोबोर्डिंगचे शिक्षक नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच: कमरेत वाकू नका, गुडघे सैल ठेवा, भार तळपायावर सरकवा. कमरेतून न वाकता घोट्यातून झुकण्याची ही सवय बोर्डवर खरोखर लागते. पंधरा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात, तेही अगदी अस्सल.

आणखी एक बारकावा. शरीर पुढे न्यावयाचे असेल तेव्हा पाय आधी क्षणभर उलट दिशेला, म्हणजे टाचेकडे दाब देतात, आणि मगच गुरुत्वमध्य पुढे सरकतो. चालायला सुरुवात करताना प्रत्येकाचे शरीर हे करीत असते. बोर्ड ही क्षणिक उलट नोंदही इमानाने कळवितो. खेळाने ती जशीच्या तशी मानली तर पडद्यावरील फळी थरथरते. ती गाळून टाकली तर वळण किंचित उशिराने सुरू होते. कोणत्याही आज्ञावलीला या दोहोंतील एक दोष थोडाफार पत्करावा लागतो. ज्या खेळाडूंना ‘बोर्ड मंद आहे’ असे वाटते, त्यांना जाणवणारा उशीर बऱ्याच अंशी हा असतो.

फसलेले प्रयोग

ॲक्टिव्हिजन कंपनीने २००९ मध्ये ‘टोनी हॉक : राइड’ आणि २०१० मध्ये ‘टोनी हॉक : श्रेड’ हे खेळ चाके नसलेल्या स्केटबोर्डसह काढले. ‘श्रेड’मध्ये स्नोबोर्डिंगचाही समावेश होता. ही फळी बॅलन्स बोर्डच्या उलट खरोखर कलत असे, आणि तिच्या चारी बाजूंना हात-पाय जवळ आल्याचे ओळखणारे अवरक्त संवेदक होते. कागदावर हे सारे उत्तम होते. पण वाकून फळीची कड पकडल्याचा अभिनय केला की यंत्राला कधी तो कळे, कधी कळत नसे. किंमतही शंभर डॉलरच्या वर. दुसऱ्या भागाच्या वेळी ग्राहकांनी दुकानाकडे पाठच फिरविली.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले. त्यात हातात काही धरावयाचे नव्हते, पायाखालीही काही नव्हते. अवरक्त ठिपक्यांची जाळी खोलीवर टाकून कॅमेरा खोली मोजी आणि माणसाच्या शरीरातील वीस सांधे सेकंदाला तीस वेळा ओळखे. कोनामी कंपनीच्या ‘अ‍ॅड्रेनलिन मिसफिट्स’ या खेळात अशा रीतीने बर्फावरील आणि अन्य फळ्या चालवावयाच्या होत्या. येथे अडचण निराळीच होती. किनेक्टला माणूस समोरासमोर उभा असलेला आवडतो. स्नोबोर्डपटू उभा राहतो तो आडवा, त्यामुळे त्याचा एक हात आणि एक पाय दुसऱ्याच्या आड लपतो आणि कॅमेऱ्याला त्यांची जागा अंदाजाने भरावी लागते. शिवाय तळपायाखालील दाब कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला दिसते ते वाकणे. त्यामुळे बोर्डवर ज्याने काहीच होत नव्हते, त्या कमरेतल्या वाकण्याला येथे बक्षीस मिळू लागले. टीव्हीसमोर किमान सहा फूट मोकळी जागा हवी, ही अट मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये किती घरांना पाळता आली असती, हा प्रश्न वेगळाच. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबविले.

बर्फावर कितपत उपयोग?

बोर्डवर तरबेज झालेला माणूस गुलमर्गच्या उतारावर उभा राहिल्यास त्याला काय येत असेल? कोणता पाय पुढे ठेवावयाचा, हे त्याला ठाऊक असेल. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ आणि उजवा ठेवणाऱ्याला ‘गूफी’ म्हणतात, आणि आपण कोण हे घरी दहा मिनिटांत कळते. घोट्यातून भार सरकविण्याची सवय असेल. बस्स, एवढेच. बर्फात रुतणारी कड, वेगाची भीती, पाय बांधलेले असताना पडून पुन्हा उठणे आणि मुख्य म्हणजे थांबणे, यांतील काहीही दिवाणखान्यात शिकता येत नाही. पडद्यावर पडलेला खेळाडू दोन सेकंदांत आपोआप उठतो. खऱ्या नवशिक्याचा पहिला दिवस बहुतांशी उठण्यातच जातो, आणि मनगटावर पडण्याची चूक त्याला महागात पडू शकते.

बॅलन्स बोर्डचा खरा उपयोग दिसून आला तो भलत्याच ठिकाणी. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी बोर्डची तुलना प्रयोगशाळेतील तोलमापक यंत्राशी केली, आणि उभे राहण्याचा तोल मोजण्यात तो त्याच्या तोडीस उतरतो, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्या यंत्राच्या किमतीच्या अल्पशा अंशात मिळणारी ही फळी मग जगभरातील फिजिओथेरपीच्या कामात शिरली. पक्षाघातानंतर एका पायावर भार टाकण्यास कचरणाऱ्या रुग्णाला आपला भार कोठे आहे हे पडद्यावर दिसते, तेव्हा त्याला तो सरकविणे सोपे जाते. मात्र असा सराव तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा. पाच सेंटिमीटर उंचीवरून पाय निसटणे तोल गेलेल्या वृद्धाला लहानसहान गोष्ट नसते.

आज खेळावयाचे असल्यास

‘वी’चे उत्पादन थांबले आहे आणि तिचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. तरीही तबकडीवरील खेळ जुन्या यंत्रावर चालतात. ‘वी यू’ या नंतरच्या यंत्रावरही ते चालतात आणि तेथे बॅलन्स बोर्डही जोडता येतो. जुने सामान घेताना एक खबरदारी आवश्यक आहे. ‘वी’च्या तबकड्या प्रदेशानुसार बांधलेल्या असतात, त्यामुळे अमेरिकेतून आणलेली तबकडी युरोपीय यंत्रावर किंवा जपानी तबकडी अमेरिकी यंत्रावर चालत नाही. बोर्डला चार पेन्सिल सेल लागतात. त्याची भारमर्यादा १५० किलो आहे, जपानमधील आवृत्तीत १३६ किलो.

बोर्ड फरशीवर ठेवावा. गालिचावर ठेवल्यास त्याचे पोट टेकते आणि नोंदी बिघडतात. त्यासाठी पायांना लावावयाचे उंचवटे मूळ खोक्यात दिलेले असत, जुन्या बाजारात ते बहुधा हरवलेले असतात. खेळ सांगेपर्यंत बोर्डवर चढू नये. रिकाम्या फळीची शून्य नोंद आधी व्हावी लागते, नाहीतर पुढचे सारे आकडे चुकतात. पायमोजे काढून उभे राहावे. टीव्ही खांद्याच्या बाजूला असल्याने मान सतत एकीकडे वळलेली राहते, म्हणून दर काही फेऱ्यांनी विरुद्ध पाय पुढे ठेवून खेळावे. मानेला आराम मिळतो आणि दुसऱ्या बाजूचा तोलही सुधारतो. रिमोटचा पट्टा मनगटात अडकविणे विसरू नये. निसटलेल्या रिमोटांमुळे २००६ च्या डिसेंबरात निन्टेन्डोला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याची तयारी करावी लागली होती.

नव्या पिढीचे खेळ टीव्ही सोडून आभासी वास्तवाच्या चष्म्यात गेले आहेत. ‘टेन एटी स्नोबोर्डिंग’च्या आज्ञावलीवर काम केलेले ब्रिटिश तंत्रज्ञ जाइल्स गॉडार्ड यांच्या क्योटो येथील चुहाय लॅब्स या संस्थेने २०२१ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट या चष्म्यासाठी ‘कार्व्ह स्नोबोर्डिंग’ हा खेळ काढला. त्यात दोन्ही हात पसरून वळावयाचे आणि खाली वाकून फळी पकडण्याची कसरत करावयाची असते. हा चष्मा डोके आणि दोन्ही हातांची जागा बारकाईने ओळखतो, त्यामुळे ‘एसएसएक्स ब्लर’ला हाताच्या हालचालींबाबत जे जमले नाही, ते येथे सहज होते. मात्र चष्म्याला पाय दिसत नाहीत, आणि क्वेस्टसोबत पायाखाली ठेवावयाची फळी मिळत नाही. शिवाय डोळे ‘उतारावरून वेगाने चाललो आहोत’ असे सांगत असताना कानातील तोलेंद्रिय ‘आपण जागीच आहोत’ असे सांगते, आणि या विसंवादाने घाटातल्या एसटीत होते तसे मळमळू लागते. ज्यांना बसमध्ये त्रास होतो, त्यांनी हा खेळ प्रथम पाच मिनिटांहून अधिक खेळू नये, आणि खेळताना जवळ भिंतीचा किंवा जड खुर्चीचा आधार ठेवावा.